बातमीच्या वाटेवरची चौकी

१९७१च्या उन्हाळ्यातली गोष्ट. कराचीतल्या एका घरात पहाटे तीनच्या सुमाराला तार आली. लंडनहून आलेल्या त्या तारेत एवढंच होतं की बहिणीचं ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. अशी तार आल्यावर घरातल्या माणसाने देवासमोर दिवा लावावा. इथे घरातल्या बाईंच्या पोटात गोळा आला आणि त्यांनी मुलांना उठवायला घेतलं. कारण ऑपरेशन असं काही नव्हतंच. ते वाक्य नवरा-बायकोने आधीच ठरवून ठेवलेलं होतं, आणि त्याचा अर्थ होता, सामान आवरा, देश सोडायचाय. पाच मुलं, माणशी एक सूटकेस, बाकी भरलं घर जागच्या जागी.

तार पाठवणाऱ्याचं नाव अँथनी मस्कारेन्हस. घराणं गोव्याचं, जन्म बेळगावचा, शिक्षण आणि संसार कराचीत. ‘मॉर्निंग न्यूज’ या कराचीच्या दैनिकात ते सहायक संपादक होते. २५ मार्च १९७१च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली, तेव्हा परदेशी वार्ताहरांना हॉटेल इंटरकॉन्टिनेन्टलमध्ये कोंडून मग विमानात बसवून हाकलून दिलं होतं. ‘डेली टेलिग्राफ’चे सायमन ड्रिंग त्याच हॉटेलात लपून राहिले आणि थोडंफार बाहेर काढू शकले. पण त्यानंतर पूर्व बंगालचं दार बंद झालं. पुढे एप्रिलमध्ये लष्करानेच आठ पाकिस्तानी पत्रकारांची सहल काढली. दहा दिवस फिरवायचं, बंडखोरांनी केलेले अत्याचार दाखवायचे आणि परत आल्यावर सगळं कसं सुरळीत चाललं आहे ते लिहून घ्यायचं. सात जणांनी लिहिलं. आठवे मस्कारेन्हस.

अधिकाऱ्यांनी त्यांच्यापासून काही लपवलं नव्हतं. आपल्याच घरचा माणूस, त्याच्यासमोर कसला आडपडदा? मेसमध्ये बसून, आज किती मारले याचे हिशेब त्यांच्यादेखत झाले. गावं जाळायला निघालेल्या तुकड्यांबरोबर त्यांना नेलं. कराचीत छापायचं तर सेन्सॉरच्या टेबलावरून जावं लागणार होतं. म्हणून बहीण आजारी असल्याचं सांगून ते लंडनला गेले, ‘संडे टाइम्स’चे संपादक हॅरोल्ड इव्हान्स यांना भेटले, बायकोला तार केली आणि संशय येऊ नये म्हणून परत कराचीला आले. कुटुंब विमानाने रोमला गेलं. त्या काळी पाकिस्तानी नागरिकाला वर्षातून एकदाच परदेशी विमानप्रवास करता येई आणि मस्कारेन्हस यांचा तो वापरून झाला होता. ते जमिनीवरून सीमा ओलांडून अफगाणिस्तानात उतरले. घरची सगळी माणसं लंडनमध्ये सुखरूप एकत्र आल्यावरच, १३ जून १९७१ला, मजकूर छापला गेला. मथळा एका शब्दाचा होता, ‘जेनोसाइड’. म्हणजे वंशसंहार. तो लेख वाचून आपण हादरलो आणि त्यानंतरच युरोपातल्या राजधान्यांकडे आणि मॉस्कोकडे धाव घेतली, असं इंदिरा गांधींनी आपल्याला सांगितल्याचं इव्हान्स यांनी नोंदवलं आहे.

मराठी माणसाला ही ऑपरेशनची तार ऐकून दुसरा एक निरोप आठवल्याशिवाय राहणार नाही. १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर सगळं संपलं. नानासाहेब पेशवे त्या वेळी नर्मदेपलीकडे मुक्कामाला होते. पेशव्यांचे वकील होते, जासूद होते, अखबारनवीस होते. राज्याची बातमीयंत्रणा कमी नव्हती. पण आधी हाती लागलं ते एका सावकाराच्या कासिदाकडचं पत्र. मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या भाषेत लिहिलेलं. व्यापारी पत्र म्हणून ते वाटेतल्या चौक्यांवरून पार झालं होतं. मोती कोण आणि मोहरा कोण हे वाचणाऱ्याला कुणी सांगावं लागलं नाही.

दोनशे दहा वर्षांच्या अंतराने पाठवलेले हे दोन निरोप शेजारी ठेवले की युद्ध आणि वृत्तपत्रं यांच्याविषयी नेहमी होणारी चर्चा थोडी बाजूला सरते. ती चर्चा बहुतेक वेळा सेन्सॉरच्या कात्रीभोवती फिरते. कुठला शब्द काढला, कुठलं वाक्य गाळलं. प्रत्यक्षात कात्री हे दुय्यम हत्यार आहे. रणांगणापासून वाचकापर्यंत बातमी ज्या वाटेने येते, ती वाट कुणाच्या ताब्यात आहे, जहाजावरची जागा, जीपमधली सीट, तारेचं यंत्र, उपग्रहाचा दुवा कुणाच्या परवानगीने मिळतो, यावर युद्धाचं चित्र ठरतं. वाटेवर चौकी बसवली की कात्री क्वचितच काढावी लागते.

युद्धवार्ताहरांचा आद्यपुरुष म्हणून ‘टाइम्स’च्या विल्यम हॉवर्ड रसेल यांचं नाव घेतात. क्रायमियात १८५४ साली ते इंग्रज फौजेबरोबर होते. पण फौजेने त्यांना ना शिधा दिला ना तंबू. सरसेनापती लॉर्ड रॅग्लन त्यांच्याशी बोलायला तयार नव्हते. मात्र टपाल मोकळं होतं आणि तिथेच लष्कराची चूक झाली. बालाक्लाव्याच्या लढाईत, २५ ऑक्टोबरला, हलक्या घोडदळाने तोफांवर केलेल्या आत्मघातकी हल्ल्याचं रसेल यांचं वर्णन लंडनमध्ये १४ नोव्हेंबरला छापून आलं. वीस दिवस. सैन्याची उपासमार, इस्पितळांची दुर्दशा, सगळं मागोमाग येत राहिलं आणि जानेवारी १८५५मध्ये लॉर्ड ॲबर्डीन यांचं सरकार गडगडलं. युद्ध संपता संपता, फेब्रुवारी १८५६मध्ये, नव्या सरसेनापतींनी शत्रूच्या उपयोगी पडेल असा तपशील पाठवणाऱ्या वार्ताहराला हाकलण्याचा हुकूम काढला. वरातीमागून घोडं, पण इंग्रज लष्कर धडा शिकलं. हेच रसेल १८५८ साली हिंदुस्थानात आले, लखनौचा पाडाव त्यांनी पाहिला, आणि गोऱ्या फौजेने उगवलेल्या सुडाबद्दल त्यांनी जे लिहिलं तेही त्यांच्या देशबांधवांना रुचलं नाही. तो वेगळा विषय.

आता वीस दिवस हा आकडा लक्षात ठेवून १९८२ सालात यायचं.

२ एप्रिल १९८२ला अर्जेंटिनाने दक्षिण अटलांटिकमधली फॉकलंड बेटं घेतली. तीन दिवसांनी ब्रिटिश आरमार पोर्ट्समथहून निघालं. बेटं ब्रिटनपासून सुमारे तेरा हजार किलोमीटरवर, मध्ये सगळा समुद्र. बातमीच्या दृष्टीने इतकं आदर्श रणांगण कुठल्याही सेनापतीला मिळालेलं नाही. पायी जायची सोय नाही, भाड्याने जीप मिळत नाही, शेजारचा देश नाही. जायचं तर आरमाराच्या जहाजातूनच. आरमाराची सुरुवातीची इच्छा एकही पत्रकार न नेण्याची होती. मग जेमतेम अर्धा डझन जागा कबूल झाल्या. संपादकांनी पंतप्रधानांच्या कार्यालयापर्यंत आरडाओरडा केला तेव्हा आकडा तिसाच्या आसपास गेला. कुठल्या दैनिकाचा माणूस जाणार हे ठरवायला टोपीत चिठ्ठ्या टाकण्यात आल्या. परदेशी वार्ताहर एकही नाही. सगळे ब्रिटिश.

जहाजावर काय झालं ते जवळून बघण्यासारखं आहे. मजकूर लिहायचा, संरक्षण खात्याने बरोबर दिलेल्या अधिकाऱ्याला दाखवायचा, मग जहाजाच्या कॅप्टनला, मग तो आरमाराच्या संदेशयंत्रणेतून लंडनला जायचा. पण यंत्रणा आरमाराची; आधी लष्करी संदेश, मग वेळ उरला तर बातम्या. लंडनमध्ये संरक्षण खात्यात पुन्हा तपासणी. बेटांवर उतरल्यावर तर मजकूर जहाजापर्यंत न्यायला हेलिकॉप्टर लागे आणि हेलिकॉप्टर कुणाचं? टीव्हीची अवस्था याहून वाईट. चलच्चित्रं जहाजावरून थेट पाठवण्याची व्यवस्था झालीच नाही. तांत्रिकदृष्ट्या ती जमली नाही की जमवायची नव्हती, यावर नंतर बराच वाद झाला. चित्रफितींचे डबे परतणाऱ्या जहाजांतून असेन्शन बेटावर आणि तिथून विमानाने लंडनला येत. काही चित्रणं पोचायला तेवीस दिवस लागले. रसेल यांच्या घोडदळाला वीस.

‘हर्मीस’ या विमानवाहू जहाजावर बीबीसीचे ब्रायन हॅनराहन होते. १ मे रोजी सी-हॅरियर विमानं पोर्ट स्टॅनलीच्या धावपट्टीवर बाँब टाकून परतली. किती विमानं गेली होती हे सांगायला मनाई होती. अर्जेंटिनाचा दावा मात्र असा होता की आपण ब्रिटिश विमानं पाडली. हॅनराहन यांनी आकडा न सांगता एवढंच सांगितलं की जाताना सगळी मोजली होती आणि परत येताना सगळी मोजली. ब्रिटनमध्ये ते वाक्य म्हणीसारखं झालं. सेन्सॉरला मात देणाऱ्या कल्पकतेचा नमुना म्हणून ते सांगितलं जातं, आणि ते आहेच. पण ते वाक्य सुटलं याचं आणखी एक कारण आहे: बातमी चांगली होती. दोन विमानं कमी आली असती तर तीच कल्पकता वाटेतच अडली असती, असं म्हणायला भरपूर जागा आहे.

वाटेवरची ही चौकी किती एकतर्फी असते त्याचं उदाहरण गूस ग्रीनचं. २७ मे रोजी पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन रात्रीच्या हल्ल्यासाठी दबा धरून बसली होती. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस लावली तर त्यावर बातमी लागली होती की ही बटालियन गूस ग्रीनच्या जवळ पोचली आहे. बटालियनचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल एच. जोन्स संतापले, बीबीसीवर खटला भरण्याची भाषा त्यांनी केली. दुसऱ्या दिवशी ते त्याच लढाईत पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. राग बीबीसीवर निघाला. पण ती बातमी जहाजावरच्या एखाद्या वार्ताहराने फोडलेली नव्हती. त्यांचं तर चिटपाखरूही परवानगीशिवाय हलत नव्हतं. ती लंडनमधल्या सरकारी वर्तुळातूनच झिरपली होती. ज्याच्या हातात चौकी असते त्याच्या स्वतःच्या तोंडाला मात्र कुलूप नसतं.

घरच्या बाजूला काय चाललं होतं? २ मेला ‘जनरल बेल्ग्रानो’ ही अर्जेंटिनाची युद्धनौका पाणबुडीने बुडवली. ३२३ माणसं गेली. ‘सन’ या ब्रिटिश दैनिकाने पहिल्या पानावर एका शब्दाचा आरोळीवजा मथळा दिला, ‘गॉचा’. सापडले लेकाचे, अशा अर्थाचा. मृतांचा अंदाज येऊ लागला तसा पुढच्या आवृत्त्यांत तो बदलला. समुद्रातून चित्रं येत नव्हती म्हणून मथळ्यांना रान मोकळं होतं.

फॉकलंडचा अभ्यास अमेरिकी लष्कराने बारकाईने केला. त्यांच्या मनात व्हिएतनामचा सल होता. टीव्हीने आपल्याला युद्ध हरवलं, अशी तिथल्या अनेक सेनाधिकाऱ्यांची ठाम समजूत होती आणि आजही ती ऐकू येते. ही समजूत तपासायला हवी. व्हिएतनाममध्ये वार्ताहरांवर पूर्वतपासणीचं बंधन नव्हतं, हेलिकॉप्टरमध्ये जागा मिळत होती, शेकडो पत्रकार सायगावमध्ये होते. वाट इतकी मोकळी की त्याहून मोकळी मिळणार नाही. तरी १६ मार्च १९६८ला माय लाय गावात काय झालं? सैन्याने पत्रक काढलं की १२८ शत्रू ठार. अमेरिकेतल्या मोठ्या दैनिकांनी ते तसंच छापलं. प्रत्यक्षात मेली ती म्हातारी माणसं, बायका आणि मुलं. व्हिएतनामी स्मारकावरचा आकडा ५०४ आहे. हे बाहेर यायला वीस महिने लागले. आणलं कुणी? रोनाल्ड रायडनहॉवर नावाच्या माजी सैनिकाने ऐकलेलं सगळं पत्रात लिहून खासदारांना पाठवलं, आणि सिमूर हर्श या मुक्त पत्रकाराने व्हिएतनामात पाऊलही न टाकता, अमेरिकेत माणसं गाठून गाठून, नोव्हेंबर १९६९मध्ये ती कहाणी उभी केली. म्हणजे नुसती वाट मोकळी असून भागत नाही, तिच्यावरून चालणाऱ्याला कुठे जायचं ते कळावं लागतं. सायगावच्या शेकडोंना रोज संध्याकाळी पाच वाजता लष्कराच्या पत्रकार परिषदेची सवय लागली होती. त्या परिषदेची ते स्वतःच ‘पाच वाजताचा फार्स’ म्हणून टिंगल करायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे.

असो. अमेरिकी लष्कराने धडा घेतला तो चौकीचा. ऑक्टोबर १९८३मध्ये ग्रेनाडा या चिमुकल्या कॅरिबियन बेटावर सैन्य उतरलं तेव्हा पहिले दोन दिवस एकाही पत्रकाराला येऊ दिलं नाही. होड्या भाड्याने घेऊन निघालेल्यांना आरमाराने माघारी पाठवलं. त्यावर गदारोळ झाला, समिती बसली आणि तोडगा निघाला तो ‘पूल’चा. निवडक पत्रकारांचा गट लष्कराबरोबर जाणार, तो जे आणील ते सगळ्यांनी वाटून घ्यायचं. मराठीत पूल माणसाला पलीकडे नेतो. या पुलाचं काम माणसाला अलीकडे थांबवून ठेवणं हे होतं.

१९९१च्या आखाती युद्धात तो पूर्ण बांधून झाला. सौदी अरबस्तानात हजाराहून जास्त पत्रकार जमले होते. त्यातले बहुतेक हॉटेलांत बसून लष्कराची पत्रकार परिषद टीव्हीवर बघत होते, म्हणजे जे ठाण्यात किंवा सोलापुरात बघता आलं असतं तेच. सीबीएसचे बॉब सायमन आणि त्यांचे तीन साथीदार चौकी चुकवून कुवेतच्या सीमेकडे गेले, इराक्यांच्या हाती सापडले आणि चाळीस दिवस कैदेत राहिले. बाकीच्यांना रोज चित्रं मिळत होती. बाँबच्या नाकावरच्या कॅमेऱ्यातून दिसणारी इमारत, तिच्यावर आडवी-उभी रेघ, मग पांढरा झोत. अचूक, स्वच्छ, रक्ताचा टिपूस नाही. नंतर हिशेब लागला तेव्हा कळलं की टाकलेल्या बाँबपैकी असे ‘हुशार’ बाँब शेकडा दहाहूनही कमी होते. उरलेले सगळे साधे, आणि त्यांच्या नाकावर कॅमेरा नव्हता. १३ फेब्रुवारीला बगदादमधल्या अमीरिया निवाऱ्यावर पडलेले दोन बाँब मात्र हुशारांपैकीच होते. त्यात चारशेहून जास्त नागरिक मेले. ती चित्रं जगाला दिसली, कारण पीटर आर्नेट यांच्यासारखे काही वार्ताहर शत्रूच्या राजधानीत मागे राहिले होते. तिथली चौकी सद्दामची होती, हा त्यातला विनोद.

आणखी एक गोष्ट या युद्धाआधीची. ऑक्टोबर १९९०मध्ये वॉशिंग्टनला एका पंधरा वर्षांच्या कुवेती मुलीने डोळ्यांत पाणी आणून साक्ष दिली की इराकी सैनिकांनी इस्पितळातल्या इन्क्युबेटरमधून बाळं काढून जमिनीवर टाकली. राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी ती हकिगत कितीतरी भाषणांत सांगितली. युद्ध संपून जवळपास वर्ष उलटल्यावर उघड झालं की मुलगी अमेरिकेतल्या कुवेती राजदूताची कन्या होती आणि साक्षीची तयारी एका जनसंपर्क कंपनीने करून घेतली होती. हकिगतीला पुरावा मिळाला नाही. पत्रकारांना कुवेतमध्ये जाता येत नव्हतं, हे खरं. पण मुलीचं आडनाव काय एवढं विचारायला कुवेतला जावं लागत नव्हतं.

आज सभागृहात जे पन्नाशीपुढचे आहेत त्यांना ते दिवस आठवत असतील. दूरदर्शनच्या बातम्या संपल्या की युद्धही संपायचं. पंचतारांकित हॉटेलांत सीएनएन दिसतं म्हणे, अशी कुजबुज होती. मग मुंबईच्या गच्च्यांवर तबकड्या उगवल्या, एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत काळ्या वायरी लोंबकळू लागल्या आणि केबलवाला नावाचा नवा गडी दर महिन्याला दारात उभा राहू लागला. भारतातल्या केबल टीव्हीच्या वाढीला बगदादवरच्या बाँबफेकीने हातभार लावला, ही इतिहासातली थोडी लाजिरवाणी नोंद आहे.

त्याच वायरीतून आठ वर्षांनी कारगिल घरात आलं. भारतातलं टीव्हीवर पाहिलेलं ते पहिलं युद्ध. द्रासच्या रस्त्यावर धडाडणाऱ्या बोफोर्स, आणि कॅमेऱ्यासमोर हसत बोलणारा, काही दिवसांत शहीद होणारा कॅप्टन विक्रम बात्रा. दिल्लीत रोज पत्रकार परिषद व्हायची. लष्कराच्या वतीने बोलणारे कर्नल बिक्रम सिंग पुढे लष्करप्रमुख झाले. केबलवर पाकिस्तान टीव्ही बंद करण्यात आला. आणि ११ जून १९९९ला सरकारने एक अनोखं हत्यार काढलं: बीजिंगमध्ये असलेले जनरल मुशर्रफ आणि रावळपिंडीतले त्यांचे सहकारी यांच्यातल्या दूरध्वनी संभाषणाच्या फिती पत्रकारांना ऐकवल्या. घुसखोर मुजाहिदीन आहेत, आमचे सैनिक नाहीत, ही पाकिस्तानची गोष्ट त्या फितींनी मोडली. पाकिस्तानने वार्ताहरांना आपल्या बाजूने शिखरांकडे नेलं असतं तर सैनिक नाहीत हे सांगता आलं नसतं; नेलं नाही, म्हणून आपल्या बाजूचं काहीच सांगता आलं नाही. कारगिलमध्ये भारतीय माध्यमांनी जे केलं त्याचं कौतुक पुष्कळ झालं आहे आणि बरंचसं रास्त आहे. एवढं मात्र खरं की टेहळणीत चूक कुठे झाली, घुसखोरी वेळेवर का कळली नाही, हे प्रश्न त्या भारावलेल्या आठवड्यांत मागच्या बाकावर बसले.

मग २६ नोव्हेंबर २००८, मुंबईवरचा दहशतवादी हल्ला. हे रणांगण नव्हतं, शहर होतं, आपलं शहर, आणि इथे चौकीच नव्हती. मराठीत चोवीस तासांच्या बातम्या सुरू होऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. ओबी व्हॅन गेटवेसमोर रांगेने लागल्या. २८ तारखेच्या सकाळी कुलाब्याच्या दाटीवाटीच्या वस्तीत नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून दोरावरून कमांडो उतरले, तेव्हा ते उतरताना देशाने पाहिलं. कराचीत फोन धरून बसलेल्यांनीही पाहिलं. त्यांची आणि आत लपलेल्यांची संभाषणं यंत्रणांनी टिपली होती. त्यावरून स्पष्ट दिसत होतं की सूचना टीव्ही बघून दिल्या जात आहेत. हल्लेखोरांपैकी कसाबच्या खटल्यात २९ ऑगस्ट २०१२ला निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. त्यामुळे सुरक्षादलांचं काम अवघडच नव्हे तर धोक्याचं झालं, आणि हे सगळं अभिव्यक्तीच्या हक्काआड लपवता येणार नाही, असा त्याचा रोख होता. २०१५मध्ये केबल नियमांत दुरुस्ती झाली. दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण बंद, सरकारने नेमलेला अधिकारी वेळोवेळी सांगेल तेवढंच दाखवायचं.

म्हणजे चौकी परत आली, आणि या वेळी तिला विरोध करायला तोंड उरलं नव्हतं. मुंबईतल्या त्या साठ तासांत वाहिन्यांनी आपल्या हाताने तिची वीट रचली.

मे २०२५मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षात काय झालं ते अजून ताजं आहे. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर सरकारने वाहिन्यांना सूचना दिली, लष्करी हालचाली थेट दाखवू नका. वाहिन्यांनी ती बहुतांशी पाळली. रणांगणावर कॅमेरे नव्हते. पण पडदा चोवीस तास भरायचा होता. ८ मेच्या रात्री काही स्टुडिओंमधून कराची बंदर उद्ध्वस्त झालं, अमुक शहर पडलं, अशा घोषणा सुरू झाल्या. घडलेलं काहीच नव्हतं. निवेदकांच्या मागे हवाई हल्ल्याचे भोंगे वाजत होते. शेवटी नागरी संरक्षण विभागाला सांगावं लागलं की भोंग्याचा आवाज कार्यक्रमात वापरू नका, खरा भोंगा वाजला तर लोक दुर्लक्ष करतील. समाजमाध्यमांवर तर दोन्ही बाजूंनी ‘आर्मा’ नावाच्या व्हिडिओ गेममधली दृश्यं खरी लढाई म्हणून फिरली. हाच गेम युक्रेनच्या वेळीही वापरला गेला होता आणि त्याच्या निर्मात्यांनी २०२२मध्येच तो कसा ओळखावा याचं पत्रक काढलं होतं. इकडे खरा तपशील हवा असेल तर परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री, कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग यांची पत्रकार परिषद होती, मोजकी, कोरडी. सरकारी निवेदन वृत्तवाहिनीपेक्षा संयमी असावं, अशी वेळ पत्रकारितेवर याआधी फार वेळा आलेली नाही. आडात नव्हतं तरी पोहऱ्यात आणलं गेलं.

गाझात चौकीचं टोक गाठलं गेलं. ऑक्टोबर २०२३पासून इस्रायलने परदेशी वार्ताहरांना स्वतंत्रपणे आत जाऊ दिलेलं नाही. सैन्याबरोबरच्या छोट्या फेऱ्या तेवढ्या. जगाने जे पाहिलं ते तिथेच राहणाऱ्या, तिथेच आपली माणसं पुरणाऱ्या पॅलेस्टिनी पत्रकारांच्या डोळ्यांनी, आणि त्यांच्यातले दीडशेहून जास्त मारले गेले.

आणि युक्रेनमधलं मारियुपोल. २४ फेब्रुवारी २०२२ला रशियाने हल्ला केला त्याच्या तासभर आधी असोसिएटेड प्रेसचे मस्तिस्लाव चेर्नोव आणि एव्हगेनी मालोलेत्का त्या शहरात पोचले. दोघेही युक्रेनचे. शहराला वेढा पडला. वीज गेली, फोन गेले, इतर वृत्तसंस्थांचे लोक आधीच निघून गेले होते. सगळ्या शहरात नेटची थोडी धुगधुगी लुटलेल्या एका किराणा दुकानाबाहेर मिळायची. दिवसातून एकदा ते दोघे तिथे जाऊन जिन्याखाली दबून बसत आणि चित्रं पाठवत. ९ मार्चला प्रसूतिगृहावर बाँब पडला. स्ट्रेचरवरून नेल्या जाणाऱ्या गरोदर बाईचं छायाचित्र जगभर गेलं. लंडनमधल्या रशियन वकिलातीने जाहीर केलं की तिथल्या गरोदर बायका हे सगळं नाटक आहे.

१५ मार्चला त्यांना बाहेर पडावं लागलं. निघताना युलिया पायेव्स्का त्यांना भेटल्या. शहर त्यांना ‘टायरा’ म्हणून ओळखे. रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या या बाईंनी अंगावरच्या कॅमेऱ्याने आठवडेच्या आठवडे चित्रण केलं होतं. जखमी मुलं, सैनिक, त्यात रशियन सैनिकही, त्यांच्यावर त्या उपचार करताना. ते सगळं नखाएवढ्या एका मेमरी कार्डात होतं. कार्ड टॅम्पॉनमध्ये लपवण्यात आलं. शहरातून बाहेर जाणाऱ्या रस्त्यावर रशियन सैन्याच्या पंधरा चौक्या होत्या. प्रत्येक चौकीवर गाडी थांबली. कार्ड पंधरावी चौकी ओलांडून गेलं. दुसऱ्या दिवशी टायरा रशियनांच्या हाती सापडल्या. त्या सुटून आल्या १७ जूनला. त्यांच्या कॅमेऱ्यातलं चित्रण जगाने मे महिन्यातच पाहिलं होतं.